अनुभव धागा : जिक्सनने गोल केला तेव्हा तुम्ही कुठे होता?

९ ऑक्टोबर २०१७. तेव्हा मी दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरला स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करत होते. खोलीत आम्ही तिघी: एक लातूरची, एक साताऱ्याची आणि मी नाशिकची. तिघींपैकी कुणीही त्याआधी फुटबॉलचा अख्खा सामना पाहिलेला नव्हता. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरलाय आणि आपला संघ पहिल्यांदाच खेळतोय, एवढ्यावर आम्ही जवाहरलाल नेहरू स्टेडियमची तिकिटं काढली.

समोर कोलंबिया. पूर्वार्ध संपता संपता राहुल के. पी.चा फटका खांबाला लागला, तेव्हा अख्खं स्टेडियम एकदम श्वास रोखल्यासारखं झालं. उत्तरार्ध सुरू होताच पेन्यालोसाने त्यांचा गोल केला. मग बराच वेळ काही घडेना. पण लोक उठून जात नव्हते. ८२व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. संजीव स्टॅलिनने चेंडू आत टाकला, गर्दीतून एक उंच मुलगा वर उठला, आणि त्याच्या डोक्यावरून चेंडू जाळ्यात गेला. जिक्सन सिंग थौनाओजम. फिफाच्या विश्वचषकात भारताने केलेला पहिला गोल.

माझ्या शेजारी एक वयस्कर सरदारजी बसले होते. दोन तास आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि रडायला लागले. मीही रडत होते. आम्ही अजून उभेच होतो, आणि कोलंबियाने सामना सुरू करून थेट दुसरा गोल केला. पुन्हा पेन्यालोसाच. ८३वं मिनिट! सरदारजींनी हात सोडले नाहीत, फक्त म्हणाले, "बच्चे हैं, बेटा."

ते एक मिनिट मी अजून विसरलेले नाही. म्हणून हा धागा. आपल्या कुमार संघाशी, मुलांच्या किंवा मुलींच्या, तुमची गाठ कधी आणि कशी पडली ते लिहा. स्टेडियममध्ये, टीव्हीसमोर, शाळेत, तालमीत, कुठेही. २०१७चंच हवं असं नाही.

— सांजवात

*

सांजवात, धागा काढलास ते लई बरं केलंस.

मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठ. आमच्याकडं फुटबॉल घरात शिरून बसलाय. पाटाकडील आणि दिलबहार या तालीम संघांचा सामना असला की शाहू स्टेडियमच्या आसपासची दुकानं सुद्धा त्याच गोष्टीवर बोलतात. मी स्वतः दहा वर्षं तालमीकडून बॅकला खेळलो. पण आमचा फुटबॉल कोल्हापुरातच राहायचा. देशाच्या जर्सीत आपल्या गावचं पोरगं विश्वचषकात बघायला मिळंल, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. मग अनिकेत जाधव आला. लहान वयात पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि तिथून थेट विश्वचषकाच्या या एकवीस जणांच्या संघात.

६ ऑक्टोबरला अमेरिकेबरोबरचा पहिला सामना आम्ही तालमीत लावला होता. सत्तर-ऐंशी माणसं, बायका-पोरं वेगळीच. जिथून बघतोय तिथून मला एक गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत कळली. त्यांची पोरं आपल्या पोरांच्या अंगावरनं जात होती. खांद्याला खांदा लागला की आपला पडायचा. हे ताकदीचं नुसतं नाही. लहानपणापासून दर आठवड्याला तोलामोलाचा सामना खेळलं की अंग असं घडतं. आपल्या पोरांनी सराव भरपूर केला, दौरे केले, पण लीग म्हणून खेळायला त्यांना कितीसं मिळालं?

तरी सांगतो, ३–० हा आकडा त्या सामन्याचं खरं चित्र दाखवत नाही. कोमल थाटल एकटा गोलीसमोर गेला होता, त्यानं वरनं उचलला तो बारवरनं गेला. ८४व्या मिनिटाला अन्वर अलीचा फटका आडव्या दांडीवर आदळला. चेंडू परत आला, अमेरिकेनं तो घेतला आणि पळत जाऊन तिसरा मारला. बॅक म्हणून खेळलेल्या माणसाला हे बघवत नाही. आपले सगळे वर गेलेले, मागं मैदान मोकळं. मी टीव्हीवर ओरडत होतो, "मागं या, मागं या!"

आणि एक लिहायचं आहे, कारण ते लोकांच्या लक्षात राहिलं नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत आपल्या वीस वर्षांखालील पोरांनी अर्जेंटिनाला २–१ नं हरवलं. दीपक टांगरीनं चौथ्याच मिनिटाला गोल केला. उत्तरार्धात आमच्या अनिकेतला लाल कार्ड मिळालं, आणि उरलेला सगळा वेळ दहा जण खेळले. त्या दहा जणांत असताना अन्वरनं फ्री किकवर दुसरा मारला. ज्या अन्वरचा चेंडू दिल्लीत दांडीला लागला होता, तोच! समोरच्या बाकावर त्यांचा प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी होता. चार वर्षांनी त्यानं अर्जेंटिनाला मोठा विश्वचषक जिंकून दिला. ती कोटिफ स्पर्धाही शेवटी त्यांनीच जिंकली, पण आपल्याकडून हरून.

सकाळी मोबाईलवर बातमी वाचली तेव्हा मी रंकाळ्यावर फिरायला गेलो होतो. ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना थांबवून सांगत सुटलो.

— पेठकरी

*

माझी आठवण सामन्याची नाही, चेंडूची आहे.

विश्वचषकाआधी १५ सप्टेंबर २०१७ ला महाराष्ट्रात 'मिशन वन मिलियन' झालं. एकाच दिवशी राज्यातल्या दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा, असं ठरलेलं. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर होतो. आमच्या शाळेलाही फुटबॉल आले. त्याआधी शाळेत कबड्डी, खो-खो आणि लेझीम. फुटबॉल एकाही मुलाने पायाने मारलेला नव्हता. मलाही नियम येत नव्हते. आदल्या रात्री मोबाईलवर पाहून थ्रो-इन म्हणजे काय ते शिकलो.

मैदान म्हणजे शाळेमागची मोकळी जागा, एका कडेला बाभळी. विटा ठेवून गोल केले. मुलं सगळी चेंडूमागे, एकाच घोळक्यात. मुली कडेला उभ्या होत्या. त्यांना मी आत बोलावलं तेव्हा एक जण म्हणाली, "गुरुजी, आम्ही पण मारायचा?" त्यानंतर अर्धा तास मला शिट्टी वाजवायला फुरसत मिळाली नाही.

आठव्या-नवव्या दिवशी काटा लागून पहिला चेंडू बसला. दुसऱ्याची हवा कमी झाली. पंप सायकलवाल्याकडे होता, पण हवा भरायची सुई गावात कुणाकडेच नव्हती. अंबाजोगाईला गेलो तेव्हा ती घेऊन आलो, दहा-वीस रुपयांची वस्तू. त्या सुईवाचून दोन आठवडे मुलं रोज विचारत होती. एवढी मोठी मोहीम, पण गावात खेळ चालू राहायला काय लागतं, याचं उत्तर माझ्यासाठी तरी ती सुई आहे.

अमेरिकेचा सामना आम्ही ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर पाहिला. मुलांना संघातली नावं म्हणता येत नव्हती. अमरजित, निन्थोइंगान्बा, नोंगडाम्बा, बोरिस. त्या संघात आठ मुलं एकट्या मणिपूरची होती. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला मी भारताचा नकाशा लावला आणि मणिपूर कुठे आहे ते विचारलं. सगळ्या वर्गाचे हात वर.

— शाळेमागचं मैदान

*

हा इतिहास २०१७ पासून सुरू होत नाही, एवढं नोंदवून ठेवतो. १९७४ मध्ये बँकॉकला आशियाई युवक स्पर्धेत भारताने इराणशी अंतिम सामना २–२ असा बरोबरीत सोडवला आणि दोघांना संयुक्त विजेते घोषित केलं. कर्णधार शब्बीर अली, प्रशिक्षक अरुण घोष. मी तेव्हा कॉलेजात होतो. शब्बीर अली पुढे मुंबईत टाटांकडून खेळला. कूपरेजच्या लाकडी बाकांवर बसून मी त्याला पाहिलंय. चेंडू पायाशी आला की तो आधी मान वर करायचा. ती सवय मी आजच्या मुलांत शोधतो. २०१७ च्या संघाचा कर्णधार अमरजितमध्ये ती दिसली होती.

— कूपरेज

*

मी मडगावचा. या संघाला आम्ही विश्वचषकाच्या आधीपासून ओळखत होतो, कारण ही मुलं बराच काळ गोव्यातच राहून सराव करायची. तेव्हा प्रशिक्षक जर्मनीचे निकोलाय अ‍ॅडम होते. २०१७ च्या सुरुवातीला ते गेले आणि पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द माटोस आले. विश्वचषकाला जेमतेम सात महिने उरले होते. ऐन वेळी मास्तर बदलला की मुलांचं काय होतं, ते ज्याने कधी खेळ शिकवलाय त्याला सांगायला नको.

सप्टेंबर २०१६ मध्ये सोळा वर्षांखालील आशियाई स्पर्धा गोव्यात झाली, बांबोळी आणि फातोर्डा या दोन ठिकाणी. भारत अमिरातीकडून २–३ हरला, सौदीशी ३–३ बरोबरी झाली. तो सौदीचा सामना मी पाहिलेल्या सर्वांत चांगल्या सामन्यांपैकी एक. मग इराण, ०–३. आमच्या बाजूचे काही लोक त्या रात्री फार चिडले होते. "घरच्या मैदानावर तीन गोल?" वगैरे.

एक वर्ष गेलं. १० ऑक्टोबर २०१७ ला मी पुन्हा फातोर्ड्याला. या वेळी विश्वचषक, आणि त्याच वयोगटाची ती इराणी मुलं जर्मनीसमोर. इराणने जर्मनीला ४–० ने हरवलं. चार! मी सामना संपल्यावर बराच वेळ जागेवरून उठलो नाही. आपल्या मुलांना तीन गोल कुणी घातले होते, ते मला त्या रात्री कळलं. चिडलेल्या त्या मित्रांपैकी दोघांना तिथूनच फोन केला.

२०१८ च्या सोळा वर्षांखालील आशियाई स्पर्धेविषयी कुणीतरी लिहा. त्या संघाचा प्रशिक्षक बिबियानो आमचा गोंयकार, त्याच्याबद्दल मी लिहायला लागलो तर थांबणार नाही.

— फातोर्डा गेट

*

२०१८ मी लिहिते, कारण मी तेव्हा क्वालालंपूरला नोकरीला होते.

सोळा वर्षांखालील आशियाई स्पर्धा मलेशियात होती आणि बिबियानो फर्नांडिस प्रशिक्षक. व्हिएतनामला १–० हरवलं, विक्रम प्रताप सिंगची पेनल्टी. इराण ०–०. इंडोनेशिया ०–०. गटात एकही गोल खाल्ला नाही. २००२ नंतर पहिल्यांदा आपण उपांत्यपूर्व फेरीत. आणखी एक सामना जिंकला की २०१९ च्या विश्वचषकात थेट प्रवेश, तोही यजमान म्हणून नव्हे तर मैदानावर मिळवलेला. १ ऑक्टोबरला दक्षिण कोरियाशी गाठ होती. ऑफिसातून लवकर निघाले. गोलरक्षक नीरज कुमार काय काय अडवत होता! उत्तरार्धात एक सुटला. ०–१.

महाराष्ट्र मंडळातले आम्ही सहा जण होतो. परत येताना गाडीत कुणीही बोललं नाही. माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा सामना तोच, २०१७ चे तीनही सामने धरून.

— दूरदेशी

*

मुलींबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

ऑक्टोबर २०२२, सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक. भुवनेश्वर, गोवा आणि आमचं नवी मुंबई. त्या ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं, आणि स्पर्धा जाते की राहते, असे काही दिवस गेले. माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची, फुटबॉल शिकत होती. तिच्या वर्गात मुली पाचच. ती रोज शाळेतून आल्यावर पहिला प्रश्न तोच विचारायची. निलंबन उठलं ते महिनाअखेरीला.

११ ऑक्टोबरला भुवनेश्वरला भारत–अमेरिका. ०–८. पाचव्या गोलनंतर मी टीव्ही बंद करायला उठले, तिने हात धरून बसवलं. ती शेवटपर्यंत एका वहीत काहीतरी लिहीत होती. नंतर पाहिलं, तर आपल्या मुलींची नावं आणि गावं. कर्णधार अस्तम उरांव, झारखंड. पुढे मोरोक्को ०–३, ब्राझील ०–५. त्या वहीत या दोन्ही सामन्यांची पानं आहेत. आकडे कुठेच लिहिलेले नाहीत.

३० ऑक्टोबरला डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंतिम सामना, स्पेन–कोलंबिया. जुईनगरहून आम्ही चालतच गेलो. ८२व्या मिनिटाला कोलंबियाच्या मुलीकडून स्वतःच्याच जाळ्यात चेंडू गेला आणि स्पेन जिंकलं. सांजवात, तुमच्या ८२व्या मिनिटाचं वाचलं आणि अंगावर काटा आला. तिथेही ८२, तिथेही कोलंबिया. ती मुलगी मैदानावर बसून होती. माझी लेक तिच्यासाठी टाळ्या वाजवत राहिली.

— जुईनगर

*

सगळ्यांचं वाचतेय, हळूहळू. जुईनगर, ती वही जपून ठेवा.

कुणीतरी निरोपातून विचारलं, त्या एकवीस जणांचं पुढे काय झालं? सगळ्यांचं सांगता येणार नाही. पण जिक्सन, सुरेश, अपुइया, रहीम अली, अन्वर हे मोठ्यांच्या भारतीय संघातून खेळले. अन्वरला मध्ये हृदयाच्या विकारामुळे खेळणं थांबवायला सांगितलं गेलं होतं. तो परत आला.

— सांजवात

*

शेवटी मलाच लिहायचं होतं बहुधा.

३० नोव्हेंबर २०२५, अहमदाबाद. सतरा वर्षांखालील आशियाई स्पर्धेच्या पात्रतेसाठी भारताला जिंकणं भाग होतं. प्रशिक्षक पुन्हा बिबियानो. समोर पुन्हा इराण. आधी त्यांनी गोल केला. घरात मी आणि माझा मुलगा, मासे तळायचे तसेच राहिलेले. मध्यंतरापूर्वी पेनल्टीवर बरोबरी, उत्तरार्धात दुसरा गोल. मग शेवटची वीस-पंचवीस मिनिटं इराण आपल्या गोलसमोरून हलेना. २–१ राहिलं.

मुलगा २०१६ ला सहा वर्षांचा होता. ०–३ च्या त्या संध्याकाळी तो माझ्या मांडीवर झोपून गेला होता. शिट्टी झाल्यावर त्याने मला विचारलं, "बाबा, तेव्हा आपण किती हरलो होतो?" मी सांगितलं. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

— फातोर्डा गेट