आर की पायथन, पण त्याआधी मतदारसंघ

आकडेवारीच्या कामासाठी आर आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषांपैकी आधी कोणती शिकावी, या चर्चेत एकाने म्हटलंय की राज्यशास्त्रवाल्यांनी आधी आर शिकावं, पायथन नंतर बघता येईल. पटलं, डीप्लायर (तक्ते हाताळायला) आणि जीजीप्लॉट (आलेख काढायला) ही आरची दोन पॅकेजेस एवढं नीट आलं तरी एमएच्या प्रबंधाचं काम भागतं. पण निवडणुकांवर काम करणार असाल तर खरी मेहनत कोडमध्ये नसते, दोन वर्षांचे तक्ते एकमेकांना जोडण्यात असते, आणि हे त्या चर्चेत कुणीच लिहिलं नाहीये म्हणून सांगतो. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत महाराष्ट्रातल्या विधानसभेच्या जागा २८८ च राहिल्या पण हद्दी आणि क्रमांक दोन्ही बदलले, आधी १ नंबरला सावंतवाडी होतं, आता अक्कलकुवा आहे. म्हणजे मतदारसंघाच्या क्रमांकावर जॉइन मारला, म्हणजे दोन तक्ते त्या क्रमांकाने जोडले, तर एकही एरर न येता २००४ चं सावंतवाडी २००९ च्या अक्कलकुव्याला चिकटतं. नावावर जोडलं तरी सुटका नाही, पुण्यातलं कोथरूड २००४ च्या यादीत नाहीच, आणि शिवाजीनगर दोन्हीकडे असलं तरी तो भाग तोच नाही! त्यामुळे मतदारसंघ पातळीवरची तुलना २००९ पासून पुढेच करा, त्यामागे जायचं तर जिल्ह्याची बेरीज घेतलेली बरी.

सरावाला अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी सेंटरचं लोकढाबा हे निवडणूक निकालांचं संकेतस्थळ घ्या, उमेदवारनिहाय निकाल सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत) फुकट मिळतात, फक्त पोटनिवडणुका आधी वेगळ्या काढा. बूथनिहाय आकडे हवे असतील तर फॉर्म २०, म्हणजे निवडणूक आयोगाचा अंतिम निकालपत्रक, लागतो, आणि त्याच्या पीडीएफ बऱ्याचदा स्कॅन केलेल्या असतात, त्यातले आकडे ओळखून काढायला मात्र पायथन कामी येतं.