मदत हवी आहे: सिएनाचा पालिओ आईला बसून कसा दाखवू?

नमस्कार मंडळी. १६ ऑगस्टच्या पालिओसाठी, म्हणजे घोड्यांच्या शर्यतीसाठी, मी आणि आई (वय ६८, गुडघे दुखतात) इटलीतल्या सिएनाला जातोय. मुक्काम सिएनातच, त्यामुळे रात्री उशीर झाला तरी चालेल.

पियाझ्झा देल काम्पो या मुख्य चौकाच्या मधोमध उभं राहून शर्यत फुकट बघता येते, हे माहीत आहे. पण त्यासाठी उन्हात तासन्‌तास उभं राहायचं, आत स्वच्छतागृह नाही, आणि तीन फेऱ्या जेमतेम दीड मिनिटात संपतात. आईला ते झेपणार नाही. कडेच्या लाकडी बाकांची तिकिटं तिथले दुकानदार विकतात. दोघांना ईमेल केली. एकाचं उत्तर नाही, दुसऱ्याची किंमत आवाक्याबाहेर.

म्हणून १५ तारखेच्या संध्याकाळची सराव शर्यत, प्रोवा जेनेराले, बघायचं ठरवतोय. तेच घोडे, तेच बिनखोगिराचे स्वार, आणि रात्री शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येक कोन्त्रादाची, म्हणजे मोहल्ल्याची, भर गल्लीत पंगत. आईला खरी ओढ त्या पंगतीचीच आहे!

सरावाच्या दिवशी बाकावरची जागा आयत्या वेळी मिळते का? आणि बाहेरच्यांना पंगतीत बसायचं तर कुठल्या कोन्त्रादाकडे, किती आधी विचारावं?