जर्मन बॉम्बचा फ्यूज : १५ की २५? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी कोव्हेंट्रीत राहतो, दुसऱ्या महायुद्धातल्या वस्तू जमवतो. जुन्या बाजारात जर्मन विमानबॉम्बचा विजेवर चालणारा फ्यूज (बॉम्बचा स्फोट घडवणारा भाग) मिळाला. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबलो नाही. पोलिसांना कळवलं, लष्करी पथकाने तपासून आत स्फोटक नसल्याचं सांगितलं.

ॲल्युमिनियमचा दंडगोल, माथ्यावर दाबले जाणारे दोन संपर्कबिंदू (बॉम्ब सुटताना यांतूनच आतल्या कपॅसिटरला विद्युतभार मिळायचा) आणि वर्तुळात फ्यूजचा प्रकार सांगणारा दोन अंकी आकडा. अडलंय ते तिथेच. दुसरा अंक ५, अगदी स्वच्छ. पहिला घासला गेलाय. टॉर्च तिरका धरून पाहिला, पातळ कागद ठेवून पेन्सिलही फिरवली. कधी १ वाटतो, कधी २. १७ असता तर घड्याळी (पडल्यावर बऱ्याच वेळाने फुटणारा) म्हणून प्रश्नच मिटला असता, पण १५ आणि २५ दोन्ही आदळल्यावर फुटणारेच.

फ्यूज उघडणार नाही. ॲसिड किंवा तारेचा ब्रशही लावणार नाही, उरलेल्या खुणा जातील. फोटो जोडलेत, शेजारी मोजपट्टी ठेवली आहे.

ज्यांनी हे दोन्ही हाताळलेत त्यांना विचारतो : माथ्यावरची इतर अक्षरं, अंकांचा ठसा किंवा बाहेरची घडण यांवरून १५ आणि २५ खात्रीने वेगळे ओळखता येतात का?