येरेवानहून भेटवस्तू मागवायच्यात, हाताने केलेलं खरं कसं ओळखायचं?

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी, माझा भाचा आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला, एमबीबीएस करतोय, पुढच्या महिन्यात सुट्टीला नाशिकला येतोय. दिवाळीनंतर धाकट्या नणंदेचं लग्न आहे, तर तिच्यासाठी आणि सासूबाईंसाठी तिथलं काहीतरी मागवायचंय. त्याने वर्निसाज बाजाराचे फोटो पाठवलेत, गालिचे, चांदी, लाकडी डबे, बाहुल्या, आणि डाळिंबाच्या आकाराचं तर सतराशे साठ प्रकारचं काहीबाही, बघूनच गरगरलं. बजेट सगळं मिळून दहा हजार. मला मशीनचं नकोय, कुणाच्यातरी हाताचं हवंय, पण पोराला कापडातलं ओ की ठो कळत नाही, त्याला नेमकं काय बघायला सांगू?

पंचवटीकर:
ताई, मी कामानिमित्त येरेवानला होतो. वर्निसाज रिपब्लिक स्क्वेअरच्या जवळच आहे, रोज भरतो पण खरा बाजार शनिवार-रविवारी, त्याला तेव्हाच पाठवा. रंगीत रशियन बाहुल्या आणि छापील मॅग्नेट सोडून द्यायचे, त्यात आर्मेनियाचं काही नाही. बघायचं ते लाकडावर कोरलेले खाचकार, म्हणजे तिथले नक्षीचे क्रॉस, मूळ दगडात घडवतात आणि ती कला २०१० पासून युनेस्कोच्या यादीत आहे. दुसरं ऑब्सिडियन. ज्वालामुखीची काळी काच, तिथे भरपूर सापडते, काहींत सोनेरी नाहीतर तांबूस झाक असते आणि उन्हात धरली की ती आत हलल्यासारखी दिसते, चांदीत बसवलेलं पेंडंट सासूबाईंना नक्की आवडेल. स्टॉलवर बसलेल्याला सरळ विचारायचं, हे कुणी केलं? करणारा स्वतः असेल तर हात दाखवून सांगतो, आणि भाव थोडा सुटतोच.

येवल्याचा माग:
गालिच्याबद्दल मी सांगतो, आमच्या घरात पैठणीचे माग आहेत. हातमागाची पैठणी आपण उलटी करून बघतो ना, तसाच गालिचाही उलटा करायचा. मागे नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट दिसली पाहिजे, गाठी एकेक मोजता आल्या पाहिजेत आणि ओळी किंचित वरखाली असल्या तर उत्तमच. मग झालर बघायची. हाताच्या गालिच्यात झालर म्हणजे उभे धागेच बाहेर आलेले असतात, वेगळी शिवून लावलेली दिसली की समजायचं मशीनचं. तिथे लाल रंग पूर्वी अरारतच्या खोऱ्यातल्या एका किड्यापासून काढायचे, वोर्दान कर्मिर म्हणतात, शिवाय मंजिष्ठाही वापरायचे. पण वहिनी, दहा हजारात चांगला गालिचा येणार नाही, आणि स्वस्तात जो येईल तो घेऊ नका, विणणाऱ्याच्या महिन्यांची ती किंमतच नसते. जुना गालिचा असेल तर देशाबाहेर न्यायला सरकारी कागद लागतो, त्या भानगडीत पोराला पाडू नका.

सटाण्याची:
गोदाकाठची ताई, लग्नाच्या मुलीला डाळिंबच द्या! तिथे ते भरभराटीचं आणि लेकुरवाळं घर व्हावं याचं चिन्ह, जुन्या रीतीत नवरी डाळिंब आपटून फोडायची आणि दाणे विखुरले की शुभ मानायचे. आम्ही डाळिंबवाले, त्यामुळे मला तर भारीच वाटलं. मातीचं रंगवलेलं घेतलं तर कपड्यांत गुंडाळून आणायला सांगा.
आणि सुईची लेस विसरू नका, क्रोशाची नाही हं. फक्त सुई-दोऱ्याने एकेक गाठ मारत करतात, त्यामुळे दोरा तुटला तरी उसवत जात नाही, क्रोशाचं ओढलं की सगळं सुटतं. जवळून बघितलं की बारीक गाठी दिसतात. छोटा रुमालसुद्धा करायला फार वेळ लागतो, म्हणून महाग वाटला तरी घासाघीस करू नये असं माझं प्रामाणिक मत.

गोदाकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार, आता ठरलं. नणंदेला सुईच्या लेसचा रुमाल आणि डाळिंब, सासूबाईंना ऑब्सिडियन. त्यांचा पारंपरिक पोशाख, ताराझ, फोटोत सुंदर दिसतो पण मखमलीचा, नाशिकच्या उन्हात कोण घालणार. एकच विचारायचं राहिलं, खायचं काही आणता येईल का?

पंचवटीकर:
सुजुख! अक्रोड दोऱ्यात ओवून घट्ट शिजवलेल्या द्राक्षरसात बुडवतात आणि टांगून वाळवतात, द्राक्षाच्या गावात तर हे यायलाच हवं. कोरडं असतं, नीट पॅक करून घ्यायचं. आणि ऑब्सिडियनचा धारदार तुकडा किंवा सुरी असेल तर ती हातातल्या बॅगेत नको, चेक-इनमध्ये टाकायला सांगा.