बाटलीतला युरिया वायंगणात मारावा की नाही?

कुणगेकर (डिचोली)
गेल्या वायंगणाच्या (पावसाळ्यानंतरच्या भातपिकाच्या) वेळी सोसायटीत युरियाचं पोतं मागितलं, तर सोबत नॅनो युरियाची (अतिसूक्ष्म कणांच्या, पानांवर फवारायच्या पातळ युरियाची) बाटलीही गळ्यात मारली. घरी येऊन हिशेब केला, चुकला असेल तर सांगा. 45 किलोचं पोतं, त्यात 46 टक्के नत्र, म्हणजे 20 किलो 700 ग्रॅम. बाटली अर्ध्या लिटरची, त्यात 4 टक्के, म्हणजे 20 ग्रॅम. 2021 मध्ये ही बाटली आली तेव्हा सांगितलं गेलं की ती एका पोत्याचं काम करते. हजारपट फरक आहे हो! क्विंटलभर भात पिकायला दीड-दोन किलो नत्र लागतं. बाटलीतला थेंबन् थेंब पानात मुरला तरी किलो-सव्वा किलो भाताची सोय होईल. बाकीचं कुठून येणार? जमिनीत जे साठलंय त्यातून, म्हणजे माझ्याच खिशातून. वायंगणात हे मारू नये, असं माझं मत. (ज्योती जातीचं भात लावलं होतं. जुनं कोरगुट भात लावणाऱ्यांनी हसू नये.)

अर्धेंपोतें
कुणगेकरबाब, हिशेब बरोबर, पण अर्धाच मांडलात. पोत्यातलं नत्र सगळं पिकाच्या पोटात जातं असं कोणी सांगितलं? पाणी भरलेल्या कुणग्यात (भाताच्या वाफ्यात) युरिया टाकला की त्यातलं तीस-चाळीस टक्केच पिकाला मिळतं. उरलेलं अमोनिया होऊन उडतं, पाझरतं, नाहीतर नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं, आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवणारा. सरदात (पावसाळी भातात) तर खत टाकून आपण घरी पोचेपर्यंत पावसाने ते व्हाळात नेलेलं असतं. पानावर मारलं तर ही गळती टळते. शिवाय मी पोतं बंद केलेलं नाही. लावणीचं खत तसंच ठेवतो, पुढचा हप्ता अर्धा आणि वर फवारणी. डोक्यावर पोतं घेऊन बांधावरून चालणारा माणूस आता मिळतो कुठे?

रसायनवाली (फोंडा)
गळती खरी आहे. पण त्यावर उपाय म्हणून नॅनोच का?

युरिया पाण्यात विरघळला की त्याचे सुटे रेणू होतात, एका नॅनोमीटरपेक्षाही लहान. बाटलीतले कण 20 ते 50 नॅनोमीटरचे असल्याचं सांगतात. म्हणजे बादलीत ढवळलेला साधा युरिया या 'नॅनो'पेक्षा बारीक! पर्णरंध्रं मोठी असतात, कण तिथून आत शिरतीलही. पण पुढे पेशीची भिंत आहे, आणि तिची भोकं साधारण 5 ते 20 नॅनोमीटरची.

पानावर मारायचंच असेल तर 15 लिटरच्या पंपात 300 ग्रॅम युरिया घाला. दोन टक्क्यांचं द्रावण, जुनीच पद्धत. नत्र 138 ग्रॅम, खर्च दोन रुपयांच्या आत. लिटरला 4 मिली या मापाने बाटलीतलं औषध घातलं तर त्याच पंपात अडीच ग्रॅमसुद्धा नत्र होत नाही.

लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षं शेतात प्रयोग केला. शिफारशीइतकं नत्र दिलेल्या शेतापेक्षा भात 13 टक्के आणि गहू 21.6 टक्के कमी आला. दाण्यातलं प्रथिनही घटलं.

अर्धेंपोतें
लुधियाना म्हणजे डिचोली नव्हे. शिवाय ती 4 टक्क्यांची बाटली होती, आता 20 टक्क्यांची आली आहे.

कुणगेकर (डिचोली)
20 टक्के म्हणजे 100 ग्रॅम. पोतं अजून दोनशेपट पुढेच.

रोपवाटिका
एका युरियावरून सगळ्या नॅनोला झोडपू नका. 2009 मध्ये टोमॅटोच्या बियांवर कार्बनच्या नॅनोनळ्या वापरून पाहिल्या, तर बिया लवकर रुजल्या आणि रोपंही जोमदार झाली. नळ्या बीच्या सालीतून आत शिरतात आणि पाणी जास्त ओढलं जातं, असं त्या शास्त्रज्ञांचं म्हणणं. जस्ताच्या नॅनोकणांचंही तेच, योग्य मात्रेत पीक सुधारतं.

खाजनातला
योग्य मात्रा ठरवणार कोण? 2007 च्या एका प्रयोगात लिटरला 2000 मिलिग्रॅम झिंक ऑक्साइडचे नॅनोकण दिले, तर मुळा, काकडी, सगळ्यांची मुळं खुंटली. मात्रा भरमसाट होती, मान्य. पण आपली जांभ्याची माती आंबट, आणि आंबट मातीत हे कण लवकर विरघळून जस्त सुटं होतं. दुसऱ्या मातीतली मात्रा इथे कशी चालेल?

मला जास्त भीती आळसांद्यांची (चवळीची) वाटते. 2012 मध्ये सोयाबीनवर अभ्यास झाला. सिरियम ऑक्साइडचे नॅनोकण मातीत मिसळले तर ते मुळांवरच्या गाठींपर्यंत पोचले आणि जास्त मात्रेत गाठींचं हवेतलं नत्र धरण्याचं काम घटलं. भातानंतर आपण आळसांदे पेरतो ते याच गाठींच्या जिवावर, फुकटचं नत्र! (सिरियम कोणी खत म्हणून विकत नाही, ठाऊक आहे. पण कण गाठीपर्यंत जातो, मुद्दा तो.) आमच्या खाजनातलं (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातलं) पाणी तर मानशीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) थेट खाडीत जातं, आणि त्याच मानशीत आम्ही सुंगटं (कोळंबी) धरतो.

सत्तरीची पोफळ
मधेच तोंड घालतो. पोफळीच्या कोळेरोगाला (सुपाऱ्या कुजवून गाळणाऱ्या रोगाला) बोर्डोऐवजी (मोरचूद-चुन्याच्या द्रावणाऐवजी) नॅनो तांबं मारायला एकाने सुचवलं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, हे आमच्या आज्यापासून चालत आलंय. पण पोफळीवर चढणारा मिळत नाही. एका फवारणीत दोनाचं काम करणारं काही असेल तर मी ऐकायला तयार आहे. नॅनो असो नाहीतर भुताटकी.

रोपवाटिका
खाजनातलेबाब, 2020 मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनो शेती-उत्पादनं कशी तपासायची याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. अगदी मोकाट नाही.

खाजनातला
कागद आहे हो. सुंगटं कागद वाचत नाहीत.

अर्धेंपोतें
बरं, या वायंगणात तीन कुणगे बाजूला काढतो. एकात अर्धा हप्ता आणि बाटली, दुसऱ्यात अर्धा हप्ता आणि बाईंचा दोन रुपयांचा युरिया, तिसऱ्यात नुसता अर्धा हप्ता.

रसायनवाली (फोंडा)
चौथा पूर्ण हप्त्याचा ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? चारही एकाच पाटाच्या पाण्यावर हवेत, एकाच दिवशी लावलेले. आणि वजन भात सुकवूनच करा.

कुणगेकर (डिचोली)
काटा मी आणतो. सोसायटीचा नको.