आईला हिपॅटायटिस बी असताना बाळंतपण आणि नवजात बाळाची काळजी

कृष्णाकाठ :
माझ्या धाकट्या बहिणीला आठवा महिना लागला आहे. रक्ततपासणीत तिला हिपॅटायटिस बी, म्हणजे बी प्रकारची कावीळ, असल्याचे निघाले. डोळे पिवळे नाहीत, भूकही व्यवस्थित आहे, त्यामुळे घरच्यांना आधी अहवालावर विश्वास बसला नाही. पण दुसऱ्या तपासणीतही तेच निदान झाले. पहिले बाळंतपण असल्याने ती रीतीप्रमाणे माहेरी, जत तालुक्यातील आमच्या गावी येणार आहे. प्रसूती गावाजवळच्या लहान दवाखान्यात करावी की सांगली-मिरजेला न्यावे? सिझेरियन करावेच लागते का? बाळाला अंगावर पाजता येईल का? सासरी तिचे ताट-वाटी वेगळे ठेवले असून हा आजार तिने कोठून आणला, असे तिला वारंवार विचारले जात आहे. ती मनाने फार खचली आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वैनतेय (बालरोगतज्ज्ञ) :
आपल्या बहिणीचे बाळ या विषाणूपासून सुरक्षित राहण्याची शक्यता खूप चांगली आहे, मात्र त्यासाठीची तयारी कळा सुरू होण्यापूर्वी झालेली असली पाहिजे. आईकडून बाळाकडे हा संसर्ग मुख्यतः प्रसूतीच्या वेळी, रक्त आणि स्रावांमधून जातो. जन्माच्या सुमारास संसर्ग झालेल्या दहापैकी सुमारे नऊ बाळांमध्ये विषाणू कायमचा मुक्काम करतो आणि पुढे यकृताचा सिऱ्होसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होणे, किंवा कर्करोग होण्याचा धोका निर्माण होतो. मोठेपणी संसर्ग झालेली बहुतेक माणसे आपोआप बरी होतात, बाळाचे तसे होत नाही. म्हणून जन्मानंतरचे पहिले काही तास इतके मोलाचे असतात.

या तासांत दोन इंजेक्शने द्यावयाची असतात. हिपॅटायटिस बी लसीचा जन्मतःचा डोस शक्य तितक्या लवकर, 24 तासांच्या आत द्यावा, आणि हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, शक्यतो 12 तासांच्या आत दुसऱ्या मांडीत द्यावीत. लस बहुतेक ठिकाणी असते, इम्युनोग्लोब्युलिन मात्र महाग असते आणि लहान दवाखान्यात सहसा ठेवलेले नसते. त्यामुळे गाव की शहर, हा निर्णय अंतरावरून न करता ही दोन्ही इंजेक्शने जन्मानंतर लगेच कोठे मिळतील, यावरून करावा. केवळ या आजारासाठी सिझेरियन करण्याची गरज नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे बहिणीच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजून घ्यावे. ते प्रति मिलिलिटर 2 लाख युनिट किंवा अधिक असेल, तर 28 व्या आठवड्यापासून टेनोफोविर ही विषाणूची वाढ रोखणारी गोळी सुरू करण्याचा सल्ला दिला जातो. आपल्याकडे ती वेळ आलीच आहे, म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे. प्रमाण फार जास्त असताना केवळ इंजेक्शने कधी कधी अपुरी पडतात.

अंगावरचे दूध निःशंकपणे पाजावे. इंजेक्शने होईपर्यंतही पाजणे थांबवू नये. टेनोफोविर चालू असली तरी दूध पाजता येते.

माणदेशी (परिचारिका) :
वैनतेय सरांच्या प्रतिसादात थोडी भर घालते. राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम 2018 साली सुरू झाला असून त्यात तपासणी, औषधे आणि अशा बाळांसाठीचे इम्युनोग्लोब्युलिन मोफत देण्याची तरतूद आहे. तरीही साठा आहे असे गृहीत न धरता, जेथे नाव नोंदवणार असाल तेथे आधी जाऊन खात्री करून घ्यावी. आशाताईंनाही सांगून ठेवावे, कारण कळा अवेळी सुरू झाल्या तर वाहनाची सोय त्याच लवकर करू शकतात. हिपॅटायटिस बीचा अहवाल माता व बाल संरक्षण कार्डाला जोडून ठेवावा आणि प्रसूतिगृहात पाऊल टाकताच तो स्वतःहून दाखवावा. रात्रपाळी बदलताना तोंडी सांगितलेली गोष्ट राहून जाऊ शकते. बाळाच्या मांडीवरील रक्त नीट पुसल्यावरच सुई टोचावी, आणि दोन्ही इंजेक्शनांची वेळ कार्डावर लिहून घ्यावी.

शेवंती :
ताई, मी स्वतः याच आजारासह आई झाले आहे, म्हणून आपल्या बहिणीच्या मनाची अवस्था मला कळते. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा बाळाचा पापा घेतल्याने हा आजार पसरत नाही. दाढीचे ब्लेड, नेलकटर आणि दात घासायचा ब्रश तेवढा वेगळा ठेवावा. ताट वेगळे करून कोणाचेही रक्षण होत नाही, बाळंतिणीचे मन तेवढे मोडते. माझ्या बाबतीत पुढे माझ्या आईचीही तपासणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे मलाही तो बहुधा जन्मतःच मिळाला होता. माझ्या सासूबाईंना हे डॉक्टरांनी समोर बसवून सांगितले, तेव्हा घरातले प्रश्न थांबले.

कृष्णाकाठ :
सर्वांचे मनापासून आभार. उद्याच तिला मिरजेला नेत आहोत. आता आईची आणि माझीही तपासणी करून घ्यावी, असे वाटते. बाळाची तपासणी जन्मल्यावर लगेच करावी का?

वैनतेय (बालरोगतज्ज्ञ) :
आई, भावंडे आणि बहिणीचे पती, सर्वांची तपासणी अवश्य करावी. ज्यांना संसर्ग नाही आणि लसही झालेली नाही, त्यांनी लस घ्यावी. ही लस देशभरच्या नियमित लसीकरणात 2011 च्या सुमारास आली, त्यामुळे आपल्या पिढीतील अनेकांना ती बालपणी मिळालेली नाही.

बाळाची तपासणी जन्मतः करू नये, कारण आईची आणि इंजेक्शनातील प्रतिपिंडे त्याच्या रक्तात असल्याने अर्थ लावताना गोंधळ होतो. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातील पेंटा लसीत हिपॅटायटिस बीचे पुढचे डोस असतात, ते वेळेवर पूर्ण करावेत. त्यानंतर 9 ते 12 महिन्यांच्या दरम्यान विषाणू आहे का आणि संरक्षण पुरेसे निर्माण झाले का, अशा दोन्ही तपासण्या एकत्र कराव्यात. बाळाचे वजन 2 किलोपेक्षा कमी असल्यास जन्मतःचा डोस मोजणीत धरत नाहीत, तेव्हा पुढील डोसांविषयी बालरोगतज्ज्ञांना विचारावे. बाळंतपणानंतर काही महिने बहिणीच्या यकृताच्या तपासण्या चालू ठेवाव्यात, आणि गोळी सुरू झाली असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये.