मदत हवी आहे : मांजर असलेल्या घरात हे रोप ठेवावे का?

नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत राहतो. आमच्या दीड वर्षाच्या मांजरीला कुंडीत जे हिरवे दिसेल ते चावून पाहण्याची खोड आहे. गेल्या आठवड्यात रोपवाटिकेतून पांढऱ्या आडव्या रेघांचे, जाड पानांचे एक छोटे रोप आणले. विक्रेत्याने ते हावर्थिया असल्याचे सांगितले. मात्र घरातील प्रत्येकाला ती कोरफडच वाटते, आणि खरी अडचण येथेच आहे, कारण हावर्थिया मांजरांसाठी बिनविषारी मानली जाते, तर कोरफडीच्या पानातील पिवळ्या चिकामुळे त्यांना उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. पान मोडून असा चीक येतो का, एवढ्यावरून ओळख पटवणे पुरेसे आहे का?

पानफुटीची कुंडी मी आधीच शेजारी देऊन टाकली आहे (सासूबाई अजून नाराज आहेत), कारण तिच्यातील घटक हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. जेडचे रोपही मांजरांना विषारी असल्याने तूर्त टांगत्या कुंडीत आहे, पण आमची मांजर पडद्यावरून तिथवर पोहोचेल, अशी भीती वाटते. जेड टांगून ठेवणाऱ्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा. तसेच या परिसरात रात्री उपलब्ध असणारे पशुवैद्य माहीत असल्यास कळवावे.